कुंपणाच्या बाहेरून : 'आधीच ठेचा' या युक्तिवादाबद्दल

(१० ऑगस्ट २०२५ रोजी बनशंकरी, बंगळुरू इथल्या मराठी अभ्यासवर्तुळात केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)



उशीर झाला त्याबद्दल माफी मागत नाही, कारण आज इथे सगळ्यांनाच उशीर झालाय. पंतप्रधान शहरात आहेत. मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, बेळगावची वंदे भारत सुटली, आणि जयनगर-बनशंकरीच्या बाजूचे अर्धे रस्ते बंद. कालच हवाईदल प्रमुखांचं याच शहरात व्याख्यान झालं, लक्ष्मण माधव कात्रे यांच्या स्मृतीनिमित्त. मे महिन्यात पाकिस्तानची किती विमानं पाडली ते त्यांनी तिथे सांगितलं आणि रात्री सगळीकडे तेच चाललं होतं. बुधवारी हिरोशिमाला ८० वर्षं झाली. ती बातमी मला आतल्या पानावर, खाली सापडली.

आजचा विषय मागच्या बैठकीतल्या भांडणातून आलाय. जूनमध्ये इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणवर हल्ले केले तेव्हा आपल्यातल्या एका मित्राने म्हटलं की बरोबरच केलं, शत्रूच्या हातात बॉम्ब येईपर्यंत वाट बघणारा मूर्ख. आणि पुढे म्हटलं की आपणही १९८४ ला कहुटा उडवायला हवं होतं, मग ना कारगिल झालं असतं, ना पहलगाम. दुसऱ्या एका ताईंनी उत्तर दिलं की आपण बुद्धाची माणसं, आपल्याला युद्ध चालत नाही. मला दोन्ही उत्तरं पटली नव्हती. म्हणून मला बोलायला सांगितलं. ही चांगली शिक्षा आहे.

आधी ताईंच्या मुद्द्याबद्दल. बाबासाहेब अहिंसेचे पुजारी नव्हते. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी सेनापती सिंहाची गोष्ट घेतली आहे. सिंह विचारतो की दुष्टाला शासन करणं, आपल्या माणसांसाठी लढणं हे तुमच्या धम्माला मंजूर आहे की नाही. बाबासाहेबांच्या मांडणीत बुद्धाचं उत्तर असं येतं की न्यायासाठी आणि सुरक्षेसाठी लढणाऱ्याला हिंसेचा दोष देता येत नाही. शांततेचे सगळे उपाय संपल्यावरही युद्ध झालं, तर दोष ते सुरू करणाऱ्याचा. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. आणि हेच बाबासाहेब फाळणीवरच्या ग्रंथात सैन्यात कुणाची किती भरती आहे याचा हिशेब मांडतात, १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून झटतात. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, त्या परंपरेतलीच ही मागणी. तेव्हा 'आपल्याला युद्ध चालत नाही' असं म्हणून सुटका नाही.

पण बाबासाहेबांच्या वाक्यात एक शब्द आहे त्याच्यावर सगळं अडतं : सुरू करणारा. समोरच्याने अजून काही केलेलं नाही, पण करेल, म्हणून मी आज मारतो. इथे युद्ध कुणी सुरू केलं?

कायद्याची भाषा इथे थोडी उपयोगी आहे, थोडीच. समोरचा हात उगारून उभा आहे, क्षणाचा प्रश्न आहे, तेव्हा आधी मारणं ही एक गोष्ट. समोरचा आज दुबळा आहे, पाच-दहा वर्षांनी बळकट होईल, म्हणून आज मारणं ही दुसरी. पहिल्याला पूर्वप्रहार म्हणू, दुसऱ्याला प्रतिबंधक युद्ध. टीव्हीवर दुसरी गोष्ट विकताना नेहमी पहिलीचं नाव लावतात. जूनमधला इराण हा दुसऱ्या प्रकारात येतो. इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं ४०० किलोच्या आसपास युरेनियम होतं, हे खरं आणि काळजीचं. वीज बनवायला इतकं समृद्ध करावं लागत नाही. पण बॉम्ब नव्हता. आणि २०१५ च्या कराराखाली निरीक्षक आत जात होते, साठ्यावर मर्यादा होती. तो करार २०१८ मध्ये अमेरिकेनेच मोडला.

आता जे झालं ते क्रमाने बघा. १९८१ च्या ७ जूनला इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी पाडली. सगळ्या पाठ्यपुस्तकांत हे यशस्वी उदाहरण म्हणून येतं. सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला, ठराव क्रमांक ४८७, तो बाजूला ठेवू. भट्टी पडली, पण सद्दामने काम थांबवलं नाही, लपवलं आणि वाढवलं. किती वाढवलं ते १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेल्यावर कळलं. मग त्या निरीक्षकांनी तो कार्यक्रम बॉम्ब न टाकता, कागद-कुलपं-मोजमाप करत मोडला. आणि मोडलेला असतानाच २००३ ला तिथे युद्ध झालं, नसलेल्या शस्त्रांसाठी. शस्त्रं सापडली नाहीत हे अमेरिकेच्याच शोधपथकाने लिहून दिलं. इराणमध्ये यंदा १३ जूनला इस्रायलचे हल्ले सुरू झाले, २२ ला अमेरिकेने फोर्दो, नतांझ, इस्फहानवर बॉम्ब टाकले, २४ ला युद्धबंदी. इराणच्या सरकारी आकड्यांप्रमाणे हजाराहून जास्त माणसं गेली. जुलैच्या सुरुवातीला इराणने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवलं आणि निरीक्षक देश सोडून गेले. म्हणजे आज त्या ४०० किलोवर कुणाची नजर आहे? जूनच्या आधी होती.

आपल्या इथून जवळ, गौरीबिदनूर तालुक्यात अलीपूर नावाचं शिया मुस्लिमांचं गाव आहे. तिथली बरीच मुलं इराणमध्ये शिकतात, कुणी डॉक्टरकी, कुणी धर्मशिक्षण. ते बारा दिवस त्या गावात कसे गेले असतील याचा विचार बंगळुरूतल्या किती वाहिन्यांनी केला, ते तुम्हीच सांगा. आपण इराणला खूप लांब समजतो.

बरं, कहुटा. माझा मित्र म्हणतो ती गोष्ट हवेतली नाही. कहुटा रावळपिंडीजवळ. १९७० च्या दशकात अब्दुल कादीर खान यांनी तिथे युरेनियम समृद्ध करायचं काम उभं केलं. ओसिराक पडल्यावर आपल्याकडेही प्रश्न निघाला की आपण हे का करू नये. १९८२ च्या अखेरीस अमेरिकी वृत्तपत्रात बातमी आली की भारतीय सेनाधिकाऱ्यांनी अशी योजना इंदिरा गांधींपुढे ठेवली होती. १९८४ ला पुन्हा चर्चा उठली. हल्ला झाला नाही. का झाला नाही याची कारणं अनेक दिली जातात, त्यातलं एक मला आज सांगायचंय, कारण ते आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे.

१९८३ मध्ये व्हिएन्नात पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख मुनीर अहमद खान आणि आपले राजा रामण्णा भेटले. रामण्णा इथलेच, तुमकूरचे. पुढे याच शहरात त्यांनी राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था उभी केली. अणुइतिहासाच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे की मुनीर खानांनी त्यांना स्पष्ट सांगितलं : कहुट्यावर हात टाकलात तर आम्ही ट्रॉम्बेवर टाकू.

ट्रॉम्बे. इथे जरा थांबा. दिल्लीतल्या नकाशावर ट्रॉम्बे म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, एक ठिपका. माझ्या आत्याचं घर मानखुर्दला आहे. माझ्यासाठी ट्रॉम्बे म्हणजे हार्बर लाईन, गोवंडीचा कचऱ्याचा डोंगर, माहूलच्या रिफायनरीचा वास, आणि त्या सगळ्याला लागून कुंपणाच्या आत हिरवीगार टेकडी. कुंपणाच्या बाहेर कोण राहतं? ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसं, उत्तरेतून आलेले मुसलमान, तमिळ दलित, झाडूवाले, भंगारवाले, रिक्षावाले.

आणि ते तिथे कसे आले हे ऐका. अणुकेंद्राला लागून जनता कॉलनी नावाची वस्ती होती. मुंबईच्या इतर भागांतून हटवलेल्या गरिबांनी वसवलेली. अणुकेंद्राला ती जागा हवी होती. वस्तीच्या लढ्याचा पुढारी होता जॉकिन अर्पुतम, जन्म कोलार गोल्ड फिल्ड्सचा, म्हणजे इथून दोन-अडीच तासांवरचा पोरगा. लोक न्यायालयात गेले, जॉकिन दिल्लीपर्यंत गेला. आणीबाणी लागली. १९७६ च्या मे महिन्यात सुमारे ७० हजार माणसं हलवली गेली. कुठे? थोडं पलीकडे, खाडीकडच्या दलदलीत, चिता कॅम्पला. देशाची सुरक्षा हे कारण पुरेसं होतं. आजही असतं.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १९७६ ला देशाच्या सुरक्षेसाठी माणसं घरातून काढली, आणि सात वर्षांनी त्याच सुरक्षेच्या खेळात पहिला नेम धरला गेला तो त्यांच्या नव्या झोपड्यांच्या शेजारी. अणुकेंद्रावर बॉम्ब पडला तर काय होतं यासाठी कल्पना ताणायची गरज नाही. १९८४ चाच डिसेंबर, भोपाळ. कारखान्यावर कुणी बॉम्बही टाकला नव्हता. कुंपणाला टेकून कोण झोपलेलं असतं ते त्या रात्री देशाने पाहिलं.

माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तू घाबरून वाट बघायला सांगतेस. हो, काही अंशी. ज्याला आपण 'किंमत मोजणं' म्हणतो, ती मोजणारा आणि ठरवणारा एकच असेल तर मी या विषयावर बोललेच नसते.

ठरवणाऱ्यांबद्दल एक प्रसंग. १९७४ ला पोखरणला पहिला स्फोट झाला तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते बाबू जगजीवनराम. १९७१ चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत जिंकलेलं. स्फोटाची गोष्ट त्यांना अगदी शेवटी शेवटी कळली. ज्या खोलीत निर्णय झाला तिथे मोजकी पाच-सहा माणसं होती. मी हे 'दलित मंत्र्याला डावललं' एवढ्यासाठी सांगत नाही, गुप्तता इतरांच्या बाबतीतही होती. प्रतिनिधित्वाची आपली मागणी इथे कुठवर पोहोचते याचा तो दाखला आहे. खुर्ची मिळाली, खातं मिळालं, खोलीचं दार उघडलं नाही. आणि समजा उघडलं असतं, तर आपला माणूस आत बसून चिता कॅम्पबद्दल बोलला असता का? याचं उत्तर मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही.

त्या स्फोटाला नाव बुद्धाचं दिलं. १९९८ चा स्फोट तर वैशाख पौर्णिमेच्याच दिवशी केला, ११ मे. आपल्या घरात खीर शिजत होती आणि रेडिओवर ते. माझा जन्म त्या सुमाराचा, आई अजून चिडून सांगते. त्या स्फोटाच्या सतरा दिवसांनी पाकिस्तानने चगाईला केला.

१९७४ चा मुद्दा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्यासाठी लागलेलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं, जी कॅनडाने शांततेसाठी म्हणून दिली होती. म्हणजे त्या दशकात 'अण्वस्त्रं मिळवू पाहणारा शत्रू देश' कोण होता? इस्लामाबादच्या खिडकीतून बघा. आपणच. ७१ ला पाकिस्तानचे दोन तुकडे करणारा, मोठा, स्फोट केलेला देश. 'आधीच ठेचा' हा नियम खरा मानला तर तो आपल्यावरही लागू होता. नियम म्हणून तो कुणालाच परवडत नाही, फक्त 'मी अपवाद' म्हणणाऱ्याला परवडतो.

आणि अपवादाचं हे तर्कशास्त्र आपल्याला अनोळखी आहे का? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मला ते पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पुस्तकात नाही, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात भेटलं. गुन्हा केला म्हणून शिक्षा नाही. करणारच आहेत, जन्मानेच करतील, म्हणून आज हजेरी, आज तारेच्या आत. सोलापूरच्या सेटलमेंटच्या गोष्टी आपल्यातल्या काहींनी आजोबांकडून ऐकल्या असतील. तो कायदा १९५२ ला गेला, पण पारध्याचं पोर दिसलं की आधी उचला ही सवय गेली नाही. खेड्यातही तेच. सातबाऱ्यावर नाव लागलं, मुलगी कॉलेजला गेली, कुणी पोलिसात तक्रार द्यायची हिंमत केली, की गावकी बोलते : आत्ताच जागा दाखवा, उद्या डोक्यावर बसतील. २००६ चं खैरलांजी याच हिशेबातून झालं. हल्ला करणाऱ्यांना ते स्वतःचं संरक्षणच वाटत होतं. भीती मारणाऱ्याच्या मनातली आणि पुरावाही त्याच्याच मनातला.

ही तुलना मी इथेच थांबवते, कारण ती एका मर्यादेनंतर खोटी होते. इराणची राजवट म्हणजे पारध्यांचं पाल नव्हे. महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर आलेल्या मुलींवर गोळ्या झाडणारी ती राजवट आहे. सद्दामने हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला. अशा हातांत बॉम्ब नको, यात मला तिळमात्र शंका नाही. पाकिस्तानच्या लष्कराच्या हातात तो आहे आणि त्याच्या आडून त्यांनी कारगिल केलं, २६/११ ची माणसं पाठवली. बॉम्बमुळे आपले हात बांधले गेले हेही खरं. माझी भूमिका घेतली तर ही किंमत पडते, ती मी लपवणार नाही. पण कहुटा पाडलं असतं तर पाकिस्तान शांत झाला असता, हे ओसिराकनंतरच्या इराककडे बघून म्हणता येत नाही. इमारत पाडता येते. खानांच्या माणसांच्या डोक्यातलं ज्ञान आणि ७१ चा अपमान पाडता येत नाही. मग मिळालं असतं ते युद्ध, ट्रॉम्बेवरचा हल्ला, आणि थोड्या वर्षांनी बॉम्बही.

बाबासाहेबांनी ही चर्चा आपल्यासाठी लिहून ठेवली आहे, आपण ती वंदनेत वाचतो आणि पुढे जातो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सिद्धार्थ घर का सोडतो? म्हातारा, आजारी, प्रेत बघून नाही, ती गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून मारामारी झाली. शाक्यांचा सेनापती संघापुढे ठराव आणतो की हे वारंवार होतंय, आता कायमचं संपवायला युद्धच हवं. आजच्या टीव्हीवरचं वाक्य. सिद्धार्थ उठतो आणि पहिली गोष्ट मागतो ती चौकशी : दोष कुणाचा, आपल्या माणसांनीही हात उचलला होता ना? मग सुचवतो की दोन माणसं आपली, दोन त्यांची, चौघांनी पाचवा निवडावा, पाचांनी निवाडा करावा. ठराव मोठ्या मताधिक्याने पडतो. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या सगळ्यांना शस्त्र उचलायचा हुकूम. सिद्धार्थ नकार देतो. शिक्षा काय सुचवली जाते? कुटुंबाची जमीन जप्त आणि सामाजिक बहिष्कार. हे लिहिताना बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे फक्त कपिलवस्तू असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे या प्रसंगातला त्याग सांगतात. मला त्यातली समिती जास्त महत्त्वाची वाटते. दोन-दोन-एक. कंटाळवाणी, कारकुनी गोष्ट. पण जगात अण्वस्त्रांबाबत जे काही टिकलं ते अशाच कारकुनी गोष्टींमुळे. आपल्याकडेही. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिल्या, मुंबईनंतर दिल्या. यंदा चौतिसावी वेळ. आपण त्या दिवशी भीमा कोरेगावच्या स्तंभाकडे निघालेलो असतो आणि तिकडे दोन्ही राजधान्यांत हे पाकीट हातातून हातात जातं. मे महिन्यात किराणा टेकड्यांवर हल्ला केल्याची आवई उठली, तेव्हा आपल्या हवाईदलाने भर पत्रकार परिषदेत ती नाकारली. इतर कुठल्याच बाबतीत कुणी मागे हटायला तयार नव्हतं, त्या आठवड्यातही.

मित्राने मागच्या वेळी विचारलेला पैशांचा प्रश्न राहिला. १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेब सांगतात की ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि याला परराष्ट्र धोरण जबाबदार आहे. हा आकडा आपण व्हॉट्सॲपवर फिरवतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर आज ते प्रमाण खूप कमी आहे. यंदाच्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, एकूणच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा आकडा नका वापरू. त्यामागचं म्हणणं वापरा : मित्र कमी झाले की तोफा जास्त लागतात. जूनमध्ये शांघाय सहकार्य संघटनेने इराणवरच्या हल्ल्यांचा निषेध केला तेव्हा भारताने त्यातून अंग काढून घेतलं. चाबहारमध्ये आपण पैसा घालतो, आणि एका वाक्याची सोबत दिली नाही. बाबासाहेबांनी त्याला काय म्हटलं असतं, याचे अंदाज चहाच्या वेळी लढवू.

शेवटी एक काम आहे. १ जानेवारीच्या त्या याद्या गुप्त असतात. त्या दोन्ही सरकारांना माहीत असतात, चिता कॅम्पला नसतात. मे महिन्यात देशभर मॉक ड्रिल झाले, तेव्हा मी आत्याला फोन करून विचारलं की तुमच्याकडे काय सांगितलं. ती म्हणाली, लाईट बंद करून घरात बसा म्हणे, पत्र्याच्या घरात. अणुकेंद्राला काही झालं तर कुठल्या दिशेने पळायचं, हे तिला तिथल्या चाळीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. मला १९७६ ला जनता कॉलनीतून हललेल्या माणसांशी बोलायचं आहे. त्यांची वयं आता सत्तरीच्या पुढे असतील. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणार आहे, त्याआधी आठवडाभर मानखुर्दला असेन. आपल्यापैकी कुणाचे नातेवाईक, कोलारकडचे किंवा मराठवाड्यातले, त्या वस्तीत होते असतील तर आज जाण्यापूर्वी मला गाठा.